जुनी एमएक्स-५ ट्रॅकवर: कॉइलओव्हर घेण्याआधी जॅक लावा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मला काही चुकीचं समजलं असेल तर इथेच कळेल. गाडी १९९२ची माझदा एमएक्स-५, दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार, १.६ लिटर. आधीच्या मालकाने स्प्रिंगा बदलून ती ४० मिमी खाली केलेली, चाकं १५ इंची. गेल्या महिन्यात तुम्ही इंग्लंडमधल्या स्नेटरटनच्या रेस ट्रॅकवर पहिला ट्रॅक डे (आपलीच गाडी ट्रॅकवर चालवायचा दिवस) केलात. तिथल्या बॉम्बहोल नावाच्या वळणात गाडी ठेच लागल्यासारखी बाजूला उडते. कोरमचं लांबलचक उजवं वळण संपताना पुढच्या मरेज वळणासाठी ब्रेक लावला की मागची बाजू सुटते, आणि एकदा तर गाडी गर्रकन फिरून गवतात गेली. आता हातात २,००० पाउंड आहेत आणि तीन प्रश्न आहेत: कॉइलओव्हर (उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकअपची जोडी) कुठले घ्यावेत, अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारी आडवी दांडी) पुढे-मागे दोन्हीकडे जाड टाकावेत का, आणि १.८चं इंजिन बसवावं का.

तिन्हींचं उत्तर: अजून नाही.

मी गेली अठरा वर्षं नॉर्थॅम्प्टनशरमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये हौशी लोकांच्या गाड्यांचं सस्पेन्शन लावून देतो. त्याआधी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या मामांच्या गॅरेजमध्ये हात काळे केले. तिथे एमएक्स-५ नव्हत्या, पण म्हातारी गाडी कशी बोलते हे तिथेच शिकलो. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं ते असं: या गाडीत काही कमी आहे म्हणून ती अशी वागत नाही, तिच्याकडे होतं ते गेलंय. १९८९ साली शिकागोच्या मोटर शोमध्ये ही गाडी दाखवली तेव्हाच तिला चारही चाकांना डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन त्रिकोणी दांडे) होते, वजन हजार किलोच्या आत होतं आणि ते पुढे-मागे जवळपास सारखं वाटलेलं होतं. अशी मांडणी आजही फार थोड्या गाड्यांना मिळते. तीस वर्षांत तिच्यातलं रबर मेलं, बोल्ट गंजले, आणि वरून कुणीतरी स्प्रिंगा कापल्यासारखी ती खाली बसवली. त्यावर नवा महागडा शॉकअप लावणं म्हणजे वाळवी लागलेल्या दाराला नवं कुलूप.

सुरुवात गंजापासून. गाडी घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, चढवा (नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, हे सांगावं लागू नये, पण सांगतो) आणि मागच्या चाकाच्या अगदी पुढे सिलचं (दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्टीचं) जे टोक येतं तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणटण आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, किंवा रंगाखाली फुगवटा दिसला, तर पैसे तिथे जाणार. या गाडीचं कापडी छत जिथे बसतं तिथल्या पाण्याच्या वाटा पानांनी तुंबतात, पाणी सिलमध्ये उतरतं आणि आतून खातं. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीचं सिल आतून पापडासारखं निघालेलं मी किती वेळा पाहिलंय याची मोजदाद नाही. सिल सडलं असेल तर सस्पेन्शनचा विषय बंद. आधी वेल्डिंग.

ते ठीक असेल तर चाक वर-खाली धरून हलवा, मग डावं-उजवं धरून हलवा. वर-खाली खेळ लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवा लागला तर बहुधा टाय रॉडचं टोक. या गाडीची पुढची हब बेअरिंग ट्रॅकवर चिकट टायर लावले की लवकर जातात, तेव्हा थोडासुद्धा खेळ असेल तर ‘चालेल’ म्हणू नका. मग टॉमी (लांब लोखंडी पहार) घ्या आणि एकेका विशबोनच्या बुशवर (सांध्यातल्या रबरी नळीवर) हलका जोर देऊन बघा. रबराला भेगा दिसतील, काही ठिकाणी ते धातूपासून सुटलेलं असेल.

बुश बदलताना रबर की पॉलियुरेथेन, हा वाद लोक धर्मासारखा खेळतात. तुम्ही याच गाडीने ऑफिसलाही जाता, म्हणून माझं मत नव्या रबराकडे झुकतं. पॉली बसवायचंच असेल तर मऊ प्रकारचं घ्या आणि सोबत आलेलं ग्रीस कंजुषी न करता लावा, नाहीतर दोन हिवाळ्यांत गाडी जुन्या पलंगासारखी करकरू लागेल. पण रबर घेतलंत तर एक गोष्ट पक्की करा. रबरी बुश फिरत नाही, ती पिळली जाते. तिची आतली नळी बोल्टने जिथे आवळली जाते तीच तिची सरळ स्थिती. म्हणून सगळे बोल्ट आधी हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-तीनदा दाबून बसवायची आणि मगच शेवटचा टॉर्क द्यायचा. इंग्लंडला आल्यावर पहिल्याच वर्षी मी एका गिऱ्हाइकाची गाडी हवेत लटकलेली असतानाच सगळे बोल्ट आवळले होते. गाडी खाली आली ती दोन बोटं उंच बसली, आणि सहा महिन्यांत सगळ्या नव्या बुश फाटल्या. त्या मी माझ्या पैशांनी बदलून दिल्या. तेव्हापासून शेवटचा पान्हा चाकं जमिनीला लागल्यावरच.

आता सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. खालच्या विशबोनच्या आतल्या बाजूला पुढे प्रत्येकी दोन आणि मागे प्रत्येकी दोन असे एकूण आठ बोल्ट आहेत, ज्यांच्या डोक्याजवळ अंड्यासारखी गोल चकती असते. ती फिरवली की विशबोन आत-बाहेर सरकतो. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) आणि मागचा टो (वरून बघता चाक किती आत किंवा बाहेर बघतं ते) हे सगळं त्यावर लागतं. एवढी सोय कारखान्याने दिली, आणि इथल्या रस्त्यांवरच्या मिठाने ती काढून घेतली. बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव होतो. नट ढिला करून चकती फिरवायला जावं तर सोबत बुशचं रबर पिळतं, सोडलं की परत येतं. अलाइनमेंटवाला मग कागदावर लिहून देतो, ‘जेवढं झालं तेवढं केलं’. तुमच्या गाडीचा असा कागद असेल तर शोधा. मागच्या दोन चाकांच्या टोचे आकडे वेगवेगळे दिसले तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

हे बोल्ट सोडवायला आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारत राहा. मग उष्णता द्या. तरी नाही सुटले (आठांतले दोन-तीन नाहीच सुटत) तर बुश आणि सबफ्रेम यांच्यामधल्या फटीत रेसिप्रोकेटिंग करवतीचं पातं घालून दोन्ही बाजूंनी कापा. एका बोल्टला दोन काप, चांगलं पातं असेल तर वीस मिनिटं. जळलेल्या रबराचा वास दोन दिवस हाताला राहतो. नवे बोल्ट बसवताना त्यांच्या दांड्याला अँटी-सीझ ग्रीस भरपूर लावा, म्हणजे पुढच्या वेळी माझ्यासारख्या कुणाच्या शिव्या वाचतील. आठ नवे बोल्ट, चकत्या आणि नट यांचा खर्च कॉइलओव्हरच्या तुलनेत चिल्लर आहे, पण फरक जास्त देणारं दुसरं काही मला माहीत नाही.

बॉम्बहोलकडे येऊ. स्नेटरटन हा दुसऱ्या महायुद्धातला विमानतळ, त्यामुळे बाकी सगळं बऱ्यापैकी सपाट आहे. बॉम्बहोलला मात्र नावाप्रमाणे खोलगा आहे: उजवं वळण घेताघेता गाडी खाली दबते आणि वर येते. तिथे तुमची गाडी उडते म्हणजे डावीकडचे शॉकअप बम्प स्टॉपवर आदळताहेत, माझी जवळजवळ खात्री आहे. बम्प स्टॉप म्हणजे शॉकअपच्या दांड्यावर बसवलेला फोमचा ठोकळा. सस्पेन्शन पूर्ण दबायच्या आधी तो हळूहळू आडवा येतो. या पहिल्या पिढीच्या गाडीत सस्पेन्शनला खाली-वर जायला मुळातच जागा कमी. त्यात ४० मिमी गाडी नुसती उभी असतानाच खाल्ले गेलेत. मग जरा दाब आला की ठोकळा चेपतो, आणि त्या चाकापाशी स्प्रिंग एकदम दगडासारखी कडक होते. ज्या टोकाला असं होतं त्या टोकाची पकड त्या क्षणी सुटते. बाहेरून ते ‘ओव्हरस्टीअर’ (मागची बाजू बाहेर सुटणं) दिसतं, लोक अँटी-रोल बार बदलत बसतात, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. शॉकअपवरचं धुळीचं बूट वर सरकवा आणि चकचकीत दांड्यावर एक बारीक केबल टाय घट्ट, पण बोटाने सरकेल इतपत बांधा. ती खाली शॉकअपच्या अंगाला टेकवून ठेवा. ट्रॅकवर पाच फेऱ्या मारून या आणि बघा. सस्पेन्शन दबलं की शॉकअपचं अंग टायला वर ढकलत नेतं, म्हणजे टाय जिथे थांबली असेल तिथपर्यंत सस्पेन्शन दबलंय. ती जर बम्प स्टॉपमध्ये जाऊन रुतली असेल तर उत्तर मिळालं. चारही कोपऱ्यांवर लावा आणि आकडे वहीत लिहा. माझ्याकडे येणाऱ्या खाली केलेल्या दहांतल्या आठ गाड्यांची टाय रुतलेली निघते.

आता काय करायचं? गाडी वर उचला. हे ऐकून चेहरे पडतात, मला ठाऊक आहे. गाडी खाली केली की गुरुत्वमध्य खाली येतो हे खरं, पण विशबोनचे कोनही बदलतात. खालचा विशबोन बाहेरच्या टोकाला वर चढू लागला की गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे गाडी कमी नाही, जास्त कलू पाहते. चाकाच्या मध्यापासून आर्चच्या कडेपर्यंत मोजा. रस्त्यावर आणि ट्रॅकवर दोन्हीकडे चालणाऱ्या या गाडीला मी पुढे ३३० मिमीच्या खाली नेत नाही, मागे त्याहून दहा-एक मिमी जास्त ठेवतो. सोबत दुसऱ्या पिढीच्या गाडीचे वरचे शॉकअप माउंट बसतात. त्यांनी दांड्याला थोडी जास्तीची वाट मिळते. ही युक्ती या गाडीच्या लोकांत जुनी आहे आणि अजूनही तेवढीच चांगली आहे. बम्प स्टॉप मात्र कापून बोटभर करू नका. मग फोमऐवजी लोखंड लोखंडावर आदळतं.

कोरम-मरेजची गोष्ट वेगळी, आणि तिच्यात थोडा दोष तुमचाही आहे. राग नसावा. कोरम हे न संपणारं उजवं वळण, आणि त्याच्या शेवटी डावीकडे घट्ट वळायचं मरेज. म्हणजे गाडी अजून उजवीकडे वळत असतानाच ब्रेक लावावा लागतो. ब्रेक लावला, नुसता पाय उचलला तरी, वजन पुढे जातं आणि मागची चाकं हलकी होतात. नवीन गाडीत हे निभतं, कारण मागची चाकं थोडी आत बघत असतात, टो-इन असतो. तुमच्या गाडीत बुश मेलेल्या, चकत्या गंजलेल्या. ब्रेकच्या जोराने मागचं बाहेरचं चाक बाहेर बघू लागतं, आणि ते चाक गाडीला मागून वळवू लागतं. तुम्ही स्टेअरिंग हलवलेलंच नसतं. त्यात मागे एका कंपनीचे टायर आणि पुढे दुसऱ्या, असं तुम्ही लिहिलंय. मग फिरली नसती तरच नवल. तुमच्या बाजूने उपाय एकच: कोरमच्या शेवटी ब्रेकच्या आधी क्षणभर गाडी सरळ करा, ब्रेक सरळ रेषेत लावा, मग डावीकडे. वेळ गेल्यासारखा वाटेल. ट्रॅकवर प्रशिक्षक मिळतो, त्याला अर्धा तास शेजारी बसवा. माझ्या दोन दिवसांच्या कामापेक्षा तो अर्धा तास तुमच्या फेरीत जास्त बदल करेल, हे मी माझ्या धंद्याविरुद्ध बोलतोय.

भूमिती घरच्या घरी लावता येते. गवंडी भिंत कशी बघतो? ओळंबा आणि दोरी. इथेही तेच. गाडी सपाट जागी उभी करा, चालवणाऱ्याच्या सीटवर तुमच्या वजनाएवढं काहीतरी ठेवा. मी बासमतीची पोती ठेवतो, २० किलोच्या चार, आणि शेजारी विचारतात. गाडीच्या पुढे आणि मागे एकेक आडवा पाइप स्टँडवर ठेवून दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर मासेमारीची दोरी ताणा. दोरीपासून हबच्या मध्यापर्यंतचं अंतर डावीकडे आणि उजवीकडे सारखं आलं पाहिजे. पुढचा ट्रॅक मागच्यापेक्षा थोडा अरुंद असल्यामुळे पुढचं अंतर जास्त येईल, ते बरोबर आहे. मग रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत पोलादी पट्टीने मोजा. १५ इंची रिमवर दोन्हींत १ मिमीचा फरक म्हणजे ९ मिनिटांचा टो. कॅम्बरसाठी ओळंबा रिमसमोर सोडा: उभ्या ४०० मिमी अंतरात ७ मिमीचा फरक म्हणजे १ अंश. चाकांखाली दोन-दोन गुळगुळीत फरशा आणि त्यांच्यामध्ये ग्रीस घातलं की टायर अडकून राहत नाहीत, चकती फिरवली की चाक लगेच आपल्या जागी येतं.

आकडे लागतीलच म्हणून देतो, पण ही सुरुवात समजा. पुढे कॅम्बर उणे २ ते उणे २.५ अंश, जेवढा बोल्ट देतील तेवढा. मागे त्याहून थोडा कमी, उणे १.७५ ते २. पुढचा कॅस्टर दोन्हीकडे सारखा, ५ अंशांच्या आसपास. पुढचा टो शून्य. मागे दोन्ही चाकांचा मिळून साधारण २ मिमी टो-इन. हा मागचा आकडा तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. कोरमच्या शेवटी तोच तुम्हाला वाचवणार. ‘एवढ्या कॅम्बरने टायर आतून झिजतील’ ही भीती सगळ्यांना असते. झिजतात, पण चुकीचा टो जेवढे खातो त्याच्या मानाने कॅम्बर खातो ते काहीच नाही.

टायर. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ (DOT) या अक्षरांच्या पुढे शेवटचे चार आकडे वाचा: २३१६ म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. असे टायर खोबणीने नवे दिसले तरी रबर लाकूड झालेलं असतं. १९५/५०आर१५ मापाचे चारही एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे, चांगले रस्त्याचे टायर घ्या. सेमी-स्लिक (फार कमी खोबणीचे ट्रॅकचे टायर) नको, निदान पहिलं वर्ष तरी. रस्त्याचा टायर सुटायच्या आधी कुरकुरतो, सांगून सुटतो. सेमी-स्लिक गप्प राहून जास्त वेगात सुटतो. हवेचं पुस्तकातलं मूळ मूल्य २६ पीएसआय, थंड असताना. तिथून सुरू करा, चार-पाच जोरदार फेऱ्यांनंतर लगेच मोजा, आणि गरम असताना २८ ते ३०च्या दरम्यान चारही राहतील अशी हवा काढत जा. टायरच्या खांद्यावर साध्या खडूने रेघ ओढा. फेरी मारून आल्यावर खडू बाजूच्या भिंतीपर्यंत पुसला गेला असेल तर टायर लोळतोय, हवा थोडी वाढवा. कडेला तसाच राहिला असेल तर थोडी काढा. सुईचा तापमापक मिळाला तर आत, मध्ये, बाहेर असे तीन आकडे घ्या. आतली बाजू पाच-दहा अंशांनी गरम असणं ठीक. बाहेरची जास्त गरम असेल तर कॅम्बर कमी पडतोय. घरी निघताना हवा परत भरायला विसरू नका, कारण थंड झाल्यावर ती फार कमी होते.

ब्रेकबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, म्हणून सांगतो. साध्या डॉट ४ ब्रेक ऑइलचा कोरडा असतानाचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, पण ते ऑइल हवेतलं पाणी पितं, आणि ३.७ टक्के पाणी शोषल्यावर किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. स्नेटरटनच्या बेंटली स्ट्रेट या लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी दहाव्या फेरीत ते उकळलं की पेडल सरळ खाली जातं. नवं, चांगल्या प्रतीचं ऑइल भरा, दर वर्षी बदला, पॅड ट्रॅक-रस्ता दोन्हीचे घ्या. १.६च्या पुढच्या डिस्क २३५ मिमीच्या आहेत, १.८च्या २५५च्या. कॅलिपर ब्रॅकेट, डिस्क आणि पॅड १.८चे घेतले की तुमच्याच कॅलिपरवर बसतात. स्वस्त आणि चोख काम. गरम ब्रेकने पॅडॉकमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा.

आणि रोल बार (सीटमागची पोलादी कमान). उघडी गाडी आहे, पुढच्या काचेची चौकट गाडी उलटल्यावर तुमचं वजन पेलायला बनवलेली नाही. रोल बारच्या माथ्यापासून काचेच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत झाडूची काठी धरा. हेल्मेट घालून बसलात की डोकं काठीच्या खाली, दोन बोटं मोकळं राहिलं पाहिजे. काही आयोजक बारशिवाय उघडी गाडी घेत नाहीत, पण त्यांनी घेतली तरी तुम्ही नेऊ नका. तुमच्या २,००० पाउंडांतला हा खर्च मी टायरच्याही आधी धरेन. जे बदल कराल ते विमा कंपनीला कळवा. रस्त्याचा विमा ट्रॅकवर सहसा चालत नाही, त्या दिवसाचा वेगळा घ्यावा लागतो.

हे सगळं झालं, दोन ट्रॅक डे झाले, वहीत आकडे आले, की मग कॉइलओव्हर. तेव्हा पुढे ६-७ आणि मागे ४-५ किलो प्रति मिमीच्या आसपासच्या स्प्रिंगा घ्या आणि जास्तीत जास्त पैसे शॉकअपच्या दर्जावर घाला. अमेरिकेत स्पेक मियाटा नावाची शर्यत याच गाड्यांची असते. तिथे पुढे ७०० आणि मागे ३२५ पाउंड प्रति इंचाच्या स्प्रिंगा असतात, म्हणजे १२.५ आणि ५.८ किलो प्रति मिमी. ते बघून कुणी तुम्हालाही तेच सुचवेल. त्या गाड्यांना वेल्ड केलेला पिंजरा असतो, शर्यतीचे टायर असतात, आणि त्या ट्रेलरवरून येतात. तुम्हाला परत एम-११ मोटरवेवरून घरी जायचंय. कडकपणा बदलायची तीस टप्प्यांची फिरकी असलेला स्वस्त शॉकअप घेऊन एकोणतीस टप्पे चुकीचे लावण्यापेक्षा फिरकी नसलेला चांगला शॉकअप बरा.

अँटी-रोल बार मागचा जाड अजिबात नको. तुमच्या गाडीत मर्यादित स्लिपचा डिफरन्शिअल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देत राहणारा) आहे की साधा? दोन्ही मागची चाकं उचला, गिअर न्यूट्रलमध्ये, एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलटं, सहज फिरलं तर साधा. साधा असेल तर मागचा जाड बार आतलं चाक जमिनीवरून हलकं करतो, आणि स्नेटरटनच्याच मॉन्ट्रियल नावाच्या हेअरपिनमधून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये सगळा जोर त्या एका चाकातून धुरात जातो. पुढचा थोडा जाड चालेल, पण तोही कॉइलओव्हरनंतर. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर सुधारलं कशाने आणि बिघडलं कशाने हे कधीच कळणार नाही.

१.८चं इंजिन विसरा. ११५ अश्वशक्ती या वजनाला शिकण्यापुरती पुष्कळ आहे. त्या पैशांत १.८चा टॉर्सेन (मर्यादित स्लिपचा) डिफरन्शिअल घ्या, पण त्याच्यासोबत हाफ शाफ्ट आणि प्रॉपशाफ्टही १.८चेच लागतात, नुसता डिफरन्शिअल तुमच्या १.६वर बसत नाही. भंगारातून घेताना तिन्ही एकाच गाडीचे मागा. आणि बॉनेट उघडलंच आहे तर रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिक टाकीचा रंग बघा. ती मूळची काळी असते. मातकट हिरवी-तपकिरी झाली असेल तर ती कधीही फुटेल. ट्रॅकआधी बदला.

पुढची तारीख तुम्ही नोव्हेंबरची घेतलीय. म्हणजे ट्रॅक बहुधा ओला, आणि कोरडा असला तरी थंड. पहिल्या तीन फेऱ्यांत टायर गरम होणारच नाहीत, तेव्हा पहिल्याच वळणात, रिचेसमध्ये, वेगात शिरू नका. पाऊस असेल तर मागचा अँटी-रोल बार एका बाजूच्या लिंकवरून सोडून केबल टायने बांधून ठेवा, मागची बाजू लगेच शांत होते. संध्याकाळी परत जोडायचा आहे, म्हणून १४चा पान्हा गाडीतच ठेवा.